किडका वानवळा

"ही घे, ही पण घे," म्हणत थोरली पोत्यात रताळी टाकत होती. धाकटी बहीण पोत्याचं तोंड धरून उभी होती.

"ताई, पुरे गं! खाणावळीचा आज पहिलाच दिवस. कोणी फिरकेल की नाही, कुणास ठाऊक."

"फिरकतील. आणि हा वानवळा आहे, नाही म्हणू नकोस."

थोरलीचा जन्म रताळी निवडण्यात गेला होता. पोटात फुगीर, दोन्ही टोकांना निमुळती, गुळगुळीत लाल सालीची एका ढिगात. तडकलेली, कोंब फुटलेली दुसऱ्यात. तिसरा ढीग किडक्यांचा. ती वरून चांगली धडधाकट दिसत, सालीवर फक्त टाचणीएवढी भोकं. पण असलं एक जरी पातेल्यात गेलं तरी सगळं पातेलं कडू होई. आज थोरलीचा हात त्याच ढिगाकडे वळत होता आणि मनात उकळ्या फुटत होत्या.

रताळ्याचं टोक मोडलं की दुधासारखा चीक येतो आणि बोटांवर काळा होऊन बसतो. कितीही घासा, जात नाही. ही बोटं बघूनच एका माणसाने थोरलीशी ठरलेलं लग्न मोडलं होतं आणि धाकटीचा हात धरला होता. धाकटीने तरी नाही म्हणायचं की नाही? याच काळ्या बोटांनी तिला खाऊ घालून वाढवलं होतं!

दुपारी थोरली मुद्दाम फजिती बघायला गेली. खाणावळ ओस पडलेली, ताटल्यांत उष्टी रताळी तशीच. मेहुणा डोक्याला हात लावून बसला होता. थोरलीचा जीव थंडावला.

"ये ताई, बस," धाकटी म्हणाली. "पहिली ताटली तुझ्यासाठी काढून ठेवली होती."

"मला भूक नाही."

"हे म्हणतात, ताईच्या नजरेतून चुकून सुटली असतील." धाकटीने ताटली तिच्यापुढे सरकवली. "पण तुझा हात चुकत नाही. लहानपणापासून बघतेय मी. खा."

मेहुणा चमकून बघू लागला. क्षणभर थोरलीला वाटलं, बहिणीच्या गळ्यात पडून रडावं. पण हा माणूस समोर बसलेला असताना? मेले तरी नाही.

तिने साल सोलली, तोंडभर घास घेतला. जिभेपासून नरड्यापर्यंत कडूजहर. धाकटीच्या डोळ्यांत बघत तिने तो चावून चावून गिळला. मेहुण्याने पाणी पुढे केलं. ते तिने बाजूला सारलं. ताटली रिकामी झाली.

"आणखी वाढ," ती म्हणाली.

धाकटीने डोळे पुसले, पातेलं जवळ ओढलं आणि वाढलं.