पायाला हात

कमलिनीबाईंचा कॅन्सर हाडांत उतरला, तेव्हा डॉक्टरांनी बरं करण्याची भाषा सोडली. आता दुखणं आटोक्यात ठेवायचं, एवढंच. मॉर्फिनच्या गोळ्या चालूच होत्या. जोडीला जवळच्या कुम्हारीहून साक्षी नावाची हिंदी बोलणारी नर्स यायची, नवरा-बायकोला चाचाजी-चाची म्हणायची आणि बाईंच्या तळपायांना तेल लावायची. दाबायचं नाही, कमरेकडे जायचं नाही, नुसता हात फिरवायचा. तेवढ्यानं बाईंचा आवळलेला जबडा सैल व्हायचा.

साक्षीला रोज येणं जमेना. मधल्या दिवसांसाठी तिनं बाईंच्या नवऱ्याला, मारोतरावांना शिकवलं. पोलाद कारखान्याच्या रेल मिलमधून निवृत्त झालेला तो माणूस तेलाची वाटी घेऊन पायथ्याशी बसला, तशी बायकोनं पाय ओढून घेतले. त्या ओढण्यानंच ती कळवळली.

"अहो, नवऱ्याले पाय चेपाले लावले तर हे पाप मी कुठं फेडू?"

"देव काय गेटवर हजेरी घेऊन राहिला का?"

"तुमाले चेष्टा सुचते. मले नाही न्यायचं हे सोबत."

"मंग हाताले लावू?"

"दुखून पाय राहिले, अन् तेल हाताले?"

मारोतराव उठले. ती दुपार बाईंनी उशी चावत काढली. पलीकडच्या खोलीत मारोतराव एकच पेपर पुन्हापुन्हा उलटत बसले.

पुढच्या खेपेला साक्षीची बस चुकली. येत नाही, असा तिचा फोन आला. गोळीच्या गुंगीत बाईंचे डोळे मिटले होते, कण्हणं मात्र थांबत नव्हतं. मारोतरावांना ते ऐकवेना. त्यांनी तळहातावर तेल चोळलं आणि बायकोची टाच हलकेच उचलली.

पाय आक्रसला नाही.

"आ गई, बेटा?"

बायको आपल्याशी हिंदीत बोलत नाही. मारोतराव समजले. श्वास रोखून ते हात फिरवत राहिले.

"चाचाजी को मत बताना, बहुत दुखता है. सुनेंगे तो खाना छोड़ देंगे. बोलना, चाची अच्छी है."

मारोतरावांचा हात घोट्याशी थांबला.

"हाँ बोल ना."

आवाज ओळखला तर पाय पुन्हा ओढले जातील. गप्प राहावं तर डोळे उघडतील. उभ्या संसारात जिला नावानंही क्वचितच हाक मारली, तिच्या पायांवर वाकून ते कुजबुजले,

"हाँ, चाची."

पायाची बोटं एकेक करून सैल पडली. मारोतरावांनी बाहीनं डोळे पुसले आणि दुसरा पाय हातात घेतला.