सत्तेचाळीस मिनिटांनंतर

नऊचा आकडा इस्माईलनं हिरव्या स्केचपेननं काढला होता आणि काढताना पेन जरा जास्तच दाबलं गेलं असावं, कारण नवाच्या शेपटीशी शाई पसरून थेट कॅसेटच्या कडेपर्यंत गेली होती – काडेपेटीपेक्षा थोडी मोठी ती कॅसेट, तिच्यात तासभर माणसं मावतात यावर कॅमेरा घरात आला तेव्हाही रिझवानाचा विश्वास बसला नव्हता, आणि आता त्यानं ती कॅमेऱ्यात सरकवून झाकण लावलं तेव्हा तिला एवढंच वाटलं की या अल्ला, आजचा दिवस नको.

"चहा आण गो," इस्माईल म्हणाला. "जुनैदचं लग्न हाय आज. बसून बघू दोघं."

ती चहा घेऊन आली. 

इस्माईल दुबईहून कायमचा परतला त्याला दीड वर्ष झालं होतं. महाडच्या बाजारात एक फेरी, मशिदीत पाच; एवढ्यावर कुणाचा दिवस सरतो? म्हणून त्यानं हे काढलं – कपाटावरच्या बिस्किटांच्या डब्यातल्या बारा कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवायच्या आणि भावाबहिणींना डीव्हीडी करून वाटायच्या. आता डीव्हीडी कोण बघतं हो, असं लेकीनं फोनवर विचारलं तर हा म्हणाला, मी बघतो, बास! रोज दुपारच्या नमाजनंतर एक कॅसेट. तासाची कॅसेट उतरायला तासच लागतो, तिला घाई करता येत नाही, आणि बसल्या बसल्या ती पडद्यावर मुकाट दिसत राहते. मुकाट म्हणजे अगदी मुकाट, कारण कॅमेऱ्याचा स्पीकर कधीच गेला होता आणि कॉम्प्युटरला स्पीकर जोडलेलाच नव्हता. आवाज यायचा तो मागाहून, डीव्हीडी तयार झाली की, टीव्हीवर.

तिसऱ्या दिवसापर्यंत रिझवानाला या सगळ्याची मजाच वाटत होती, खोटं कशाला बोला. तिसऱ्या दिवशी कशेडी घाटाची कॅसेट होती – इस्माईलनं एका सुट्टीत गाडीतून काढलेली, नुसते ट्रक आणि वळणं – ती संपली, पडदा क्षणभर निळा झाला आणि एकदम लेकीचा, अलीशबाचा, तिसरा वाढदिवस दिसायला लागला. टोपी घातलेली अलीशबा, केक, शेजारच्या बायका. इस्माईल टाळी देऊन हसला. "बघ, बघ! एकावर एक घेतलं ना आपण, तर वरचं जेवढं तेवढंच पुसतं. वरचं संपलं की खालचं हाय तसं निघतं!"

तो हसत होता आणि रिझवाना मनात मिनिटं मोजत होती. कारण जुनैदचं, तिच्या चुलतभावाचं, लग्न तिनं स्वतः कॅमेऱ्यात घेतलं होतं, पोलादपूरला, आणि बॅटरी संपून कॅमेरा बंद पडला तेव्हा कोपऱ्यातला आकडा सत्तेचाळीसवर होता. सत्तेचाळीस. साठातले तेरा उरले... आणि लग्नाच्या खाली अम्मी होत्या.

आता अम्मी म्हणजे नुरजहाँ, तिची सासू. एकोणीस वर्षांपूर्वीची गोष्ट. इस्माईलला तिकडे जाऊन दोन वर्षं झालेली, घराच्या भिंती उभ्या आणि वर पत्रा, अलीशबा चार वर्षांची. तेव्हा चिठ्ठी कोण लिहीत होतं? तिकडे जाणारा कुणी निघाला की त्याच्या हाती लोणचं, सुकट आणि कॅसेट द्यायची, अशीच रीत होती सगळ्या मोहल्ल्यात. त्या खेपेला शेजारचा अनस निघाला होता. अम्मी पंधरा दिवस अंथरुणाला खिळल्या होत्या, त्या म्हणाल्या, माझं घे, मला बोलायचंय त्याच्याशी. रिझवानानं पिठाच्या डब्यावर कॅमेरा ठेवला, लाल दिवा लावला आणि अम्मी बोलायला लागल्या – दम लागला की थांबायच्या, पुन्हा बोलायच्या, पाऊण तास तरी – "मला बरं नाय वाटत रे. तू ये. एकदा बघून जा, मग जा परत. पण ये."

ती कॅसेट तिनं पाठवली नाही. अनसच्या सामानात गेली ती महिन्यापूर्वीची, ईदची. तिच्यात अम्मी नवी साडी नेसून शीरखुर्मा वाढतायत आणि कशाला तरी खूप हसतायत.

का? हा प्रश्न तिनं स्वतःला इतक्या वेळा विचारला होता की त्याची उत्तरंही आता पाठ झाली होती. डॉक्टर म्हणाले होते, नुसता अशक्तपणा आहे. तो मधेच आला असता तर नोकरी गेली असती, पुन्हा व्हिसा मिळाला नसता, पत्रा तसाच राहिला असता. सगळं खरं. पण मी काय वाईट चिंतलं होतं त्यांचं? मी त्यांचं अंग पुसत होते, केस विंचरत होते... आणि तरी पाठवली नाही, हेही खरंच. अकराव्या दिवशी अम्मी गेल्या. इस्माईलनं ईदची कॅसेट बघितली ती दफन झाल्यावर चौथ्या दिवशी, परदेशात, खोलीतल्या सहा जणांबरोबर. तेव्हापासून आजतागायत तो एक वाक्य म्हणत आला होता, पाहुण्यांना, लेकीला, स्वतःला – आमची अम्मी शेवटपर्यंत हसत होती. या वाक्यावर तो माणूस उभा होता. ते काढून घेतलं तर त्याचं काय होईल? आणि माझं?

पुसली म्हणून ती निर्धास्त होती. कॅसेट फेकून द्यायला हात धजला नव्हता, अम्मींचा आवाज असा उकिरड्यावर कसा टाकायचा, म्हणून तिनं त्यावर लग्न घेतलं. मोठी शहाणी! कशेडीच्या दिवसानंतर तिनं नऊ नंबर तांदळाच्या पिंपात लपवलीही होती, पण इस्माईलनं घर डोक्यावर घेतलं. पलंग हलवला, माळा उपसला, आणि शेवटी खाली बसून लहान पोरासारखा म्हणाला, "त्यात अम्मी असेल गो, कडेला कुठेतरी उभी. लग्नाला होती का ती?" नव्हत्या. लग्न त्या गेल्यानंतरचं. हेसुद्धा तो विसरला होता. त्याचा तो चेहरा बघवला नाही आणि कॅसेट दुसऱ्या दिवशी कपाटामागे सापडली.

पडद्यावर मांडव होता. जुनैद, सेहरा, वाजंत्री गाल फुगवून वाजवतायत आणि आवाज नाही. कोपऱ्यात आकडे चालले होते. एकतीस. बत्तीस. इस्माईल माणसं ओळखत होता – हा गेला, हा कुवेतला आहे, हिला ओळखलंस का, किती बारीक होती – आणि ती हं, हं म्हणत होती. वायर ओढावी का? दिवे जावेत. महाडला एरवी उठता-बसता दिवे जातात, आज मेले कसे जात नाहीत? चाळीस.  चव्वेचाळीस. वधूला उठवतायत. शेहेचाळीस... "अहो, पुरे ना आता," ती म्हणाली. "लग्न संपलं. नमाजची वेळ होईल."

"बस गो. खाली काय निघतंय बघू."

निळा पडदा. मग पिठाच्या डब्याच्या उंचीवरून दिसणारी खाट, आणि खाटेवर अम्मी.

 इस्माईल खुर्चीतून अर्धवट उठला आणि तसाच राहिला. अम्मींचे गाल बसलेले, ओठ हलतायत, हात चादरीवर. रिझवाना वाट बघत राहिली – ये रे, बघून जा – ते शब्द तिला पाठ होते, ते ओठांवर दिसतीलच, मुक्यानंही कळतील. पण ओठ तसे हलत नव्हते. हे काहीतरी वेगळं होतं, लांबलचक, आणि तिला एक अक्षर ओळखता येईना. मग तिला आठवलं. या वेळी मी खोलीत नव्हतेच.

अनसची आई आली होती, मागच्या दाराशी, सामान न्यायला. कॅमेरा तसाच चालू ठेवून रिझवाना उठली होती, बाहेर दहा-पंधरा मिनिटं गेली, आणि परत आली तोवर कॅसेट संपून लाल दिवा विझला होता, अम्मी भिंतीकडे तोंड करून निजल्या होत्या. पुढचं काय बोललात, हे तिनं विचारलं नाही. पण मागचं दार... खाटेपासून मागचं दार ते कितीसं दूर! आणि आपण दारात काय बोललो होतो? "ही ने, ईदची. हिच्यात अम्मी कशा छान दिसतात. आत चाललीय ती नको, उगाच ह्यांच्या जिवाला घोर."

पडद्यावर अम्मी बोलता बोलता थांबल्या. मान वळवली. त्या बाजूला – दाराच्या बाजूला. बराच वेळ तशाच राहिल्या, तोंड किंचित उघडं. मग पुन्हा कॅमेऱ्याकडे वळल्या आणि एक हात उचलून काहीतरी म्हणाल्या, थोडकंच. आणि आपणहून कूस बदलून भिंतीकडे वळल्या. त्यानंतर नुसती पाठ. आकडे चालत राहिले.

"काय म्हणाली?" इस्माईलनं विचारलं. "रिझू, हे कधीचं? अम्मी अशी कधी झाली होती?"

ती पडद्यावरच्या पाठीकडेच बघत राहिली.

"थांब, डीव्हीडी होऊ दे. आवाज येईल." त्यानं डिस्क आत सारली.  "कोण आलं होतं गो दारात? कुणाकडे बघते ती?"

"अनसची आई," रिझवाना म्हणाली. "कॅसेट न्यायला."

"कुठली कॅसेट?"

डिस्क फिरायला लागल्याची घरघर खोलीत भरली. आता सांगावं लागणार होतं, आणि ती सांगणार होती, हे तिला कळत होतं; तिला भीती वाटत होती, पण ती भीती आता इस्माईलची राहिलेली नव्हती. एकोणीस वर्षं तिला वाटत आलं की हे आपल्या एकटीला ठाऊक आहे. अम्मींना ठाऊक होतं. त्यानंतर अकरा दिवस त्या माझ्या हातची पेज खात होत्या, चमचा पुढे केला की तोंड उघडत होत्या, आणि माझ्याकडे बघत होत्या – आणि एका शब्दानं बोलल्या नाहीत.