न विचारलेल्या प्रश्नाला नऊ गुण

कल्याणजवळच्या कोन गावातल्या एका घरात फ्रिजच्या दारावर पूर्वी दूधवाल्याचा नंबर आणि उन्नतीच्या शाळेचं वेळापत्रक असायचं. दोन महिन्यांपासून तिथे एक तक्ता चिकटला होता. तारीख, वजन, कंबर, दंड आणि शेवटच्या रकान्यात 'रंग'. तक्ता दिपालीचा, पण आखलेला तिच्या वहिनीने, हेमालीने. शिंप्याची असते तसली पिवळी टेप घेऊन हेमाली रोज सकाळी नणंदेच्या कमरेला वेढा घालायची आणि रंगाच्या रकान्यात लिहायची: 'बरा', 'काळवंडला', 'सुधारतोय'.

"श्वास सोड गं. पोट आत ओढून मापं चोरतेस?"

"वहिनी, कालपासून नुसती काकडी खाल्लीये. चोरायला पोटात काही उरलंय का?"

भाकरी थापणाऱ्या पार्वतीबाईंनी, हेमालीच्या सासूबाईंनी, पिठाचा हात झटकला. "अगो, बाजारान म्हस घेताना पन लोकं दूध किती देते त्ये इचारतान. तुमी नुसती कंबरच मोजताव!"

"आई, ही राष्ट्रीय स्पर्धा आहे. साठ वर्षांची परंपरा आहे हिला," हेमाली म्हणाली आणि तिने स्पर्धेची गुळगुळीत पुस्तिका पुढे केली. आत दरवर्षीच्या विजेत्या, डोक्यावर मुकुट, गळ्यात पट्टा.

"हाय, हाय. पोरी गोऱ्या हायेत," एवढंच बोलून सासूबाई तव्याकडे वळल्या.

हेमाली बी.कॉम. पहिल्या वर्गात पास झालेली. निकाल लागला त्याच महिन्यात साखरपुडा. आपलं राहिलं ते या घरातल्या एखाद्या पोरीने करावं, टीव्हीवर कोनचं नाव यावं, अशी तिची भाबडी इच्छा. त्या इच्छेपायी ती दिपालीच्या मागे लागली होती. "वज्रीने घास गं गुडघे. काळे ठिक्कर आहेत. परीक्षकांना आधी तेच दिसतात." हे वाक्य दोन महिन्यांत तिने किती वेळा म्हटलं, तिलाच ठाऊक नव्हतं.

एकच काळजी तिला पोखरत होती. तिच्या सात वर्षांच्या लेकीच्या, उन्नतीच्या गुडघ्यांवर आणि कोपरांवर पंधरा दिवसांपासून खपल्या धरत होत्या. एक बरी होईतो दुसरी. डॉक्टरांनी मलम दिलं. हेमालीने कपड्यांचा साबण बदलला, गोदामांच्या धुळीला दोष दिला, शाळेत जाऊन बाकाचे खिळेही तपासून आली. विचारलं की उन्नती म्हणायची, "पडले." रोज कशी पडते ही मुलगी?

शहर फेरीचा रविवार उजाडला. कल्याण–भिवंडी रस्त्यावरच्या एका लग्नाच्या हॉलमध्ये चाळीसेक मुली छातीवर नंबराचे बिल्ले लावून बसल्या होत्या. दिपालीचा नंबर सात. उन्नतीही आईबरोबर आली होती. हेमालीच्या शेजारच्या खुर्चीवर भिवंडीतल्या नारपोलीच्या कौसल्याबाई होत्या. कापडाच्या कारखान्यात तागे तपासायचं काम त्या वीस वर्षं करत होत्या. त्यांची मुलगी संघरत्ना नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला, नंबर अकरा.

"मी म्हटलं नको. ती म्हणते, आई, स्टेजवर बोलायला मिळतं, मला बोलायचंय," कौसल्याबाई हसून म्हणाल्या. मग हेमालीच्या मांडीवरची पुस्तिका त्यांनी उलगडली आणि एकेक पान चष्म्याजवळ नेऊन पाहू लागल्या. "ही बघ, जुन्या सालातली. पोहायच्या कपड्यात उभी केलीय आणि खाली छाती-कंबरेची मापं छापलीत. ह्या पानावर पण. पुढं कुठंतरी मापं छापायची बंद झाली, तिथं 'सौंदर्य आणि बुद्धी' असं लिहिलंय. पण काय गं ताई, ह्या साठ बायांचं पुढं काय झालं, त्या कुठं असतात, काय करतात, ते कुठल्या पानावर छापलंय?"

हेमालीने पुस्तिका मागून पुढे चाळली. ते कुठेच छापलेलं नव्हतं. आणि साठ चेहऱ्यांत एकही चेहरा संघरत्नासारखा सावळा नव्हता. रोज पुसून ठेवलेल्या या पुस्तिकेत तिला हे आजवर दिसलं कसं नाही?

चालण्याची फेरी सुरू झाली. तीन परीक्षक पुढच्या सोफ्यावर बसले होते. मधले जाडजूड गृहस्थ सामोसा खात खात माईकमध्ये बोलत. "नंबर पाच, दात दाखव. आणखी. पुरे." "नंबर सात, वळ. चेहरा चालेल. गुडघे काळपट आहेत, मेकअपवाल्याला सांगा." मागे कोणीतरी खिदळलं. दिपालीने हसरा चेहरा तसाच ताणून धरला. हेमालीला त्या माणसाचा किळस आला. पण हे वाक्य आपण घरात रोज म्हणतो, हेही तिला त्याच क्षणी आठवलं आणि तिने मान खाली घातली.

जेवणाची सुट्टी झाली. स्थानिक संयोजक कुमार घाम पुसत तिच्याकडे आला. "ताई, तुम्ही बी.कॉम. ना? बेरजा करणारी बाई आलीच नाही. जरा टोटल मारून द्या ना, प्लीज."

"अहो, माझी नणंद आहे स्पर्धेत."

"मग काय झालं? कोण बघतंय!"

हेमालीने कागद ओढले. चेहरा, त्वचा, बांधा, चाल, दात. आणि शेवटचा रकाना 'बुद्धिमत्ता', दहा गुण. ती बेरीज करू लागली आणि तिची पेन्सिल थबकली. शेवटचा रकाना भरलेला होता! चाळीसच्या चाळीस मुलींचा! प्रश्नोत्तरांची फेरी तर जेवणानंतर होती. एकाही मुलीने अजून तोंड उघडलं नव्हतं. नंबर सात, बुद्धिमत्ता नऊ. नंबर अकरा, बुद्धिमत्ता तीन. समासात बारीक अक्षरात शेरा: 'रंग नाही'.

तिला शिसारी आली. कागदाला हात लावलेली बोटं पदराला पुसावीशी वाटली. तरीही ती उठली नाही. कारण बेरीज सांगत होती की वरच्या पाचांत दिपाली आहे. गप्प बसलं तर नणंद मुंबईच्या फेरीला जाणार! दोन महिन्यांची काकडी फळाला येणार!

कौसल्याबाईंनी तिच्या खांद्यावरून कागद वाचला. त्यांचा आवाज चढला नाही.

"आमच्याकडं कसं असतं, सांगते. तागा टेबलावर घेते, खालून लाईट असते. डाग, गाठ, तुटका धागा दिसला की खडूने खूण. मग फ्रेश की सेकंड, म्हणजे चांगला की डागी, तो शिक्का. पण तागा पुरा उलगडल्याशिवाय मी शिक्का मारत नाय. एकदा घाईत मारला, तर मास्टर म्हणाला, 'कौसल्या, खोलके देखा क्या?' कापडाला पण एवढा हक्क हाय, ताई. आणि खडूची खूण धुतली की जाते. कापडाला दुखत नाय. पोरीच्या अंगावर मारलेली खूण कशाने धुणार?"

"मावशी, पण जगच असं आहे. आपण काय करणार?"

"जग म्हणजे कोन गं? ह्या कागदावर बेरीज तर तूच मारतेयस."

तेवढ्यात दिपाली डोळे पुसत आली आणि तिच्या मागोमाग उन्नती. आत्याचा हात धरून ती मोठ्या शहाणपणाने सांगत होती, "आत्या, तू रोज घासत नाहीस म्हणून काका ओरडले. मी रोज घासते. खूप दुखतं, पण रक्त आलं की थांबायचं. माझा नंबर येईल ना गं मोठी झाल्यावर?"

हेमालीने कागद बाजूला ठेवले.

"काय घासतेस, बाळा?"

उन्नतीने फ्रॉक जरा वर घेतला. जुन्या खपल्यांमधून ताजं लाल डोकावत होतं. "वज्रीने. तूच सांगतेस ना, काळे ठिक्कर गुडघे आधी दिसतात म्हणून."

हाय रे! साबण बदलला, धूळ झटकली, बाकाचे खिळे तपासले! खिळा घरातच होता, आईच्या जिभेवर! सोफ्यावरच्या त्या माणसाचा आलेला किळस आता हेमालीला स्वतःचा आला. तो बिचारा आज एका दिवसाचा परीक्षक. आपण दोन महिने रोज सकाळी त्या सोफ्यावर बसलो होतो.

ती उठली. उन्नतीला कडेवर घेऊन, दुसऱ्या हातात कागद धरून थेट सोफ्यापुढे गेली.

"साहेब, प्रश्नांची फेरी व्हायची आहे. मग बुद्धिमत्तेचे गुण आले कुठून?"

"आपण कोण?"

"बेरीज करणारी."

गृहस्थांनी रुमालाने ओठ टिपले. "मॅडम, वीस वर्षांचा अनुभव आहे. चेहऱ्यावर दिसतं सगळं."

"माझे तीन गुण कुठे दिसले, सर?" मागून खणखणीत आवाज आला. संघरत्ना उभी होती. "गालावर की नाकावर? एक प्रश्न विचारा मला. कुठलाही. मग शून्य द्या, चालेल."

प्रश्न कोणी विचारला नाही. कुमार पुढे धावला, "ताई, तमाशा नको, तुमचीच नणंद सिलेक्ट झालीय!"

हे ऐकून दिपालीने वहिनीकडे पाहिलं. त्या नजरेत राग होता, आशा होती, भूकही होती. "वहिनी, खरंच? मी पाचात आहे?"

"आहेस. न विचारलेल्या प्रश्नाला तुला नऊ गुण पडलेत." हेमालीने कागद तिच्यापुढे धरला. "तुला जायचं असेल तर जा. मी अडवणार नाही. पण टेप माझ्याच्याने पुन्हा धरवणार नाही, दिपा."

दिपालीची नजर उन्नतीच्या गुडघ्यांवर गेली. तिने छातीवरचा सात नंबर काढला, पिन नीट मिटवली, कोणाला टोचू नये म्हणून, आणि बिल्ला परीक्षकांच्या टेबलावर सामोशाच्या बशीशेजारी ठेवला.

"चल वहिनी. मला भूक लागलीये."

वाचकहो, स्पर्धा काही थांबली नाही. दुपारी प्रश्नोत्तरं झाली, टाळ्या झाल्या, पाच जणी पुढे गेल्या. पुढच्या वर्षी पुस्तिकेत आणखी एक पान वाढेल. पण त्या संध्याकाळी कोनच्या एका घरात चौघी जणी पोटभर जेवल्या. पार्वतीबाईंनी नातीच्या गुडघ्यांना खोबरेल लावता लावता सगळं ऐकलं आणि एवढंच विचारलं, "अगो, त्या सामोसेवाल्याची कंबर कोनी मोजली का न्हाय?" दिपाली कितीतरी दिवसांनी मोठ्याने हसली. तक्ता फ्रिजवरून उतरला. वज्री हेमालीने कचऱ्यात टाकली.

खपल्या पडायला तीन आठवडे लागले. खाली जी कातडी आली ती पहिल्यासारखीच सावळी होती. उन्नतीने घाबरून आईकडे पाहिलं. हेमालीने दोन्ही गुडघ्यांवर ओठ टेकले आणि म्हणाली, "बघ, सगळं जागच्या जागी आलं."

मुलींना नंबर देणारे हॉलमध्ये बसतात, हे खरंच. त्यांना जाब विचारायलाच हवा. पण त्याआधी प्रत्येक आईने, आत्याने, शेजारणीने आपल्या घरातला सोफा तपासावा. आपण सहज उच्चारलेला एक शब्द आपली लेक न्हाणीघराचं दार लावून अंगावर घासत असते. दार उघडायला उशीर करू नका!