झुंबरबाईचे बैल

चुलीवरच्या हंड्याचं झाकण खडखडलं, तशी मंजुळाबाई दचकली. इतकी शांतता. सन एकोणीसशे एकवीसचा उन्हाळा. पटकीच्या भयानं गाव मळ्यांत झोपड्या टाकून राहिला होता. मागे उरले आजारी, आणि त्यांना उकळलेलं पाणी पुरवणारे सेवा मंडळाचे सात स्वयंसेवक, घरच्यांसकट. सातांत बाई ही एकटीच.

मंडळाचे भटू मास्तर दारात आले. "झुंबरअक्काले पटकी लागनी. पोरे मळाम्हा पळी ग्यात. गाडी जुपीसन धुळाले दवाखानाम्हा नेनं पडी. कोन जाई?"

"मी जासू."

मास्तर घुटमळले. तीन सालांमागे तापाच्या साथीत मंजुळाचा नवरा उखर्डू अंथरुणाला खिळला, तेव्हा गाडीसाठी ती याच झुंबरबाईच्या पाया पडली होती. गोठ्यात बैल रवंथ करत उभे, आणि म्हातारी म्हणाली, "बैल थकेल शेत वं." थकलेत म्हणे; गाडी दिली नाही. दुसऱ्या दिवशी उखर्डू गेला.

"मंजुळा, तुन्हा मनम्हा काय शे?"

"मंडळम्हा नाव घालं तवय तुमीनच सांगं व्हतं, आजारी कोना घरना ते पाहानं नही. मंग?"

सहा वर्षांच्या लेकीचे, ताईबाईचे, केस मागे सारून, तिला मास्तरीणबाईंच्या हवाली करून तिनं झुंबरबाईच्याच बैलांची गाडी जुपली. काळ्या रानाला हात हात भेगा. चाक आदळलं की मागे म्हातारी कण्हायची, आणि मंजुळाला ते कण्हणं गोड लागायचं.

"पानी... पानी दे माय."

तिनं तांब्या उचलला, पण मांडीवरच धरून ठेवला.

"पहिले सांग. त्या दिन बैल थकेल व्हतात?"

म्हातारीनं तांब्याकडे हात लांबवला.

"सांग नं वं अक्का! आज कसा पळी राहिनात!"

"नही... नही व्हतात थकेल. भ्याव वाटनं माले. तुन्हा घरना ताप मन्हा घरम्हा येई म्हनीसन."

मंजुळानं तिची मान उचलून घोट घोट पाणी पाजलं. दात आवळून पाजलं. "मरू नको म्हातारे. तुले जगनं पडी. रोज नदीवर मन्हं तोंड पाहीसन जगनं पडी."

झुंबरबाई जगली. पंधरा दिवसांनी नदीवर समोर आली, तर हंडा ठेवून, मान खाली घालून बाजूला सरली. मंजुळानं सावकाश, मुद्दाम सावकाश, पाणी भरलं. कितीक दिवसांनी तिला पोटभर जेवल्यासारखं वाटत होतं.

वाटेत ताईबाईनं तिचा पदर ओढला.

"माय, उद्या मी आजारी पडनू, तं तू झुंबरआजीना दारले गाडी मांगाले जाशी का?"