पांगाऱ्याची ढाल

मित्रांनो, मी एक जुनी ढाल आहे. गोल, लाकडी, आणि आता मधोमध फाटलेली. व्हायकिंग नावाच्या दर्यावर्दी लोकांच्या ढालींसारखी मला घडवली, पण माझा जन्म मोखाडा तालुक्यातल्या पोशेऱ्यातला. देवाने मला तोंड दिले असते तर एका माणसाचा हात वाचला असता.

जव्हारचे पराग सर पाहुण्यांसाठी शिबिर भरवतात. त्या ढालींबद्दल त्यांनी कुठेसे वाचले आणि बोहाड्याच्या उत्सवात सोंगे नाचतात त्यांचे मुखवटे कोरणाऱ्या वामनला तशी ढाल करायची गळ घातली. वामनने मुखवट्यांचाच हलका पांगारा घेतला. बोटभर जाडीच्या फळ्या, कडेला आणखी पातळ. त्या सरसाने एकमेकींना चिकटवल्या. ढोलाला चढवतात तसे ओले कातडे वरून ताणून कडेने शिवले. मध्ये भोक, त्यावर लोखंडी वाटी आणि वाटीमागे मूठ.

"येवढी पातळ? तीर आरपार जायचा," फागू हसला. दाभोशाचा हा शेतकरी तिरकमठ्यात पटाईत. त्याने मला खुंटाला टेकवून तीर सोडला. मऊ लाकडाने तो घट्ट धरून ठेवला. कातड्याने फळ्या फाकू दिल्या नाहीत. मागे जेमतेम टोक डोकावले. कडक लाकूड चिरले असते. टोक बाहेर येते म्हणूनच मला अंगापासून लांब आणि जरा तिरपी धरायची. फागूचे हसू कुठल्या कुठे पळाले आणि मी मनातून फुलून गेले.

मग हिवाळाभर माझा थाट होता. जव्हारजवळचा शिरपामाळ बघून आलेले पाहुणे शिबिरात जमत. फागू मला धरून उभा राही, त्याचा थोरला मुलगा संदीप तीर मारी. बापाचा माझ्यावर भरवसा, म्हणून मुलगा निर्धास्त नेम धरी.

पावसाळ्यात फागूने मला घरी नेले. त्याची बायको रामी भारी मायेची. बियाण्याची कणसे, नव्या टोपल्या, जे जे जपायचे ते तिच्या घरी चुलीवर धुरात टांगतात, म्हणजे भुंगा लागत नाही. तिने मलाही तिथेच टांगले. बांबूला धूर मानवतो. माझे कातडे मात्र वाळून तडकले, सरस सुटला, फळ्या आकसल्या. मी आतून उलत होते आणि ती पदराने माझी काजळी पुसत होती.

दिवाळीनंतर सरांनी मला लाल रंग दिला. भेगा रंगाखाली गेल्या.

शिबिर पुन्हा भरले त्या दिवशी फागूने माझी मूठ धरली. समोर संदीपने दोरी ओढली. थांब रे पोरा, मी जीव तोडून ओरडत होते, खाली ठेव, तुझा बाप आहे मागे. लाकडाचे ओरडणे कुणाला ऐकू येणार? तीर दोन फळ्यांमधून सरळ गेला तो फागूच्या डाव्या खांद्याखाली.

जीपमधून त्याला जव्हारला नेले. तो जगला. पण डावा हात आता वर उचलला जात नाही. ना नांगर, ना तिरकमठा. संदीपने तर कमठाच मोडून टाकला.

दवाखान्याच्या ओट्यावर रामी मला मांडीवर घेऊन बसली होती. वामन आला. "दादा, मी तं हिला चुलीवर जपली होती. भुंगा पन लागू नाय दिला. मंग कशी फुटली?" तिने विचारले.

वामनने माझ्या भेगेत नख घातले. वाळलेले कातडे चाचपले. नखावरची काजळी पाहिली. त्याला सगळे उमगले. ती काजळी त्याने पुसून टाकली.

"रामी, माझाच लाकूड कवळा होता," तो म्हणाला.

तेव्हापासून संदीप वामनशी बोलत नाही, आणि पोशेऱ्यात त्याच्याकडे मुखवटे करून मागायला येणारे आता दुसरीकडे जातात.

मित्रांनो, एखादी वस्तू जपायची तर तिला काय मानवते ते आधी विचारून घ्या. नुसती माया पुरत नाही. एवढे माझे ऐका. आणि कधी दाभोशाला गेलात, तर पाया पडते, रामीला यातले काही सांगू नका.