वाया न गेलेली फेरी

माणसाने काटकसर करावी, नाही कोण म्हणतं? पण वृद्धाश्रमाच्या मालकाचं काही विचारू नका. दिव्याखाली दोघे वाचत बसले तर एकाचं वाचन फुकट चाललंय म्हणून याच्या पोटात दुखायचं. पाठीमागे सगळे त्याला चिकटराव म्हणत. समोर म्हणायची कुणाची छाती नव्हती.

नाताळच्या सकाळी म्हातारे आंघोळी उरकून, धुतलेले सदरे घालून व्हरांड्यातल्या बाकावर बसले होते. दरवर्षी भाड्याची गाडी यायची आणि त्यांना शहराच्या दुसऱ्या टोकाच्या चर्चमध्ये घेऊन जायची. तेवढ्यात चिकटराव बाहेर आला, बाकावरून नजर फिरवली आणि म्हणाला, "गाडी रद्द केलीय. देव इथेही आहे. बसल्या जागी हात जोडा." एवढं बोलून दार लावून आत गेला. बसल्या जागी म्हणे! मेल्याच्या जिभेला काही हाड?

म्हाताऱ्यांची उस्तवार करणाऱ्या मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतरांचं एक वेळ ठीक होतं, पण बाकाच्या टोकाला घड्याळवाले आजोबा बसले होते. जन्मभर लोकांची घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. त्यांची बायको चर्चला लागून असलेल्या बायकांच्या आश्रमात होती, कारण तिला हल्ली विसर पडायचा आणि सारखं कुणीतरी जवळ लागायचं. आजोबांचे गुडघे गेलेले, पेन्शन सगळी चिकटरावाच्या घशात. नवरा-बायकोची भेट व्हायची ती फक्त नाताळला. आणि परवा फोनवर आजींनी विचारलं होतं, "कोण बोलतंय?" आजोबांनी तीनतीनदा सांगितलं, तरी तिकडून तेच.

"मावशी, या खेपेला राहिलं तर पुढच्या नाताळला ती मला ओळखायची नाही गं," आजोबा म्हणाले. रडले नाहीत, काही नाही, नुसतं सांगितलं. मावशीला ते ऐकवेना.

ती तडक आत फोनपाशी गेली. गाडीवाल्याच्या हातापाया पडू, पगार झाला की भाडं देऊ, असं तिने ठरवलं. फोनच्या वर भिंतीवर चिकटरावाने दोन नंबर रंगवून घेतले होते. आता दोन्हींपुढे नीट काय ते लिहावं की नाही? पण रंग वाचवायचा होता ना! दोन्हींपुढे नुसतं 'गाडी'. मावशीने वरचा फिरवला.

"आमच्या आजोबांना न्यायचंय हो. सकाळपासून खोळंबलेत. लवकर या, तुमचे उपकार होतील."

"आलोच, बाई," पलीकडचा आवाज लोण्यासारखा मऊ. "धीर धरा. सगळं व्यवस्थित करू."

किती भला माणूस, मावशीला वाटलं. भाड्याचं तर बोललाही नाही.

थोड्या वेळाने फाटकाशी गाडी थांबली. काळी, लांबलचक, काचांना पडदे. ड्रायव्हर उतरला, टोपी काढली, मान खाली घालून हात जोडले.

"कधी गेले?"

"कुठे गेले?" मावशी म्हणाली. "तुमचीच तर वाट बघतायत."

ड्रायव्हरने बाकाकडे पाहिलं. बाकानेही ड्रायव्हरकडे पाहिलं.

"यांतले... कोण?"

"सगळेच!"

बिचारा ड्रायव्हर! आयुष्यात एवढा कधी गोंधळला नसेल. मग मावशीने गाडीवरची पाटी वाचली आणि कपाळावर हात मारला. शववाहिका! वरचा नंबर अंत्ययात्रेचा होता. ती हसावं की रडावं या विचारात असतानाच खिडकीतून गाडी पाहून चिकटराव धावत आला.

"कोण गेलं? कोण?"

"कुणी नाही साहेब, चूक झाली," ड्रायव्हर म्हणाला. जाता जाता त्याने सहज सांगितलं, "स्वस्त पडतं म्हणून तुम्ही वर्षाचे पैसे आगाऊ भरलेत, पण यंदा तुमच्याकडे एकही फेरी झाली नाही. महिनाअखेर करार संपतोय. देवाची कृपा म्हणायची."

चिकटरावाचा चेहरा बघण्यासारखा झाला. "म्हणजे भरलेले पैसे वाया?"

"वायाच की. माणसं ठणठणीत राहिली, त्याला आम्ही काय करणार?"

चिकटरावाने बाकावरच्या ठणठणीत माणसांकडे असं पाहिलं, जणू सगळ्यांनी कट करून त्याला बुडवलं होतं. ड्रायव्हरची नजर मात्र आजोबांच्या इस्त्रीच्या जाकिटावर होती. मावशीने हळू आवाजात त्याला आजींचं सांगितलं. त्याने टोपी परत डोक्यावर चढवली.

"साहेब, करारात 'माणूस नेणे' असं आहे. जिवंत नको असं कुठे म्हटलेलं नाही. आत दोन्ही बाजूंना बाकं आहेत. वापरायची का फेरी?"

"वापरायची म्हणजे? वापरलीच पाहिजे!" चिकटराव गरजला. "चला, बसा सगळे! आणि पुढची जागा रिकामी कशाला? मीही येतो."

म्हाताऱ्यांतले एक माजी हवालदार तेवढे अडून बसले. "मी या गाडीत एकदाच चढणार."

"अहो, रंगीत तालीम समजा," ड्रायव्हर म्हणाला आणि त्यांना हाताला धरून वर घेतलं.

आणि काय सांगू! निघायला इतका उशीर झालेला, पण रस्ता आपोआप मोकळा होत गेला. मोटारी बाजूला झाल्या, चौकातल्या पोलिसाने सगळी वाहतूक थांबवली. लोक टोप्या काढून उभे राहिले. म्हाताऱ्यांना एवढा मान कधी मिळाला होता? त्यांनी पडदे सारून हात हलवले. एक बाई किंचाळली, पण तिला कोण समजावत बसणार?

चर्चच्या पायऱ्यांवर बायकांच्या आश्रमातल्या सगळ्याजणी उभ्या होत्या. काळी गाडी पाहताच त्यांची बडबड थांबली. मागचं दार उघडलं आणि आजोबा कण्हत, दाराला धरून उतरू लागले. एकीच्या हाताला धरून शून्यात बघत उभ्या असलेल्या आजींनी मान वळवली. गाडी पाहिली, आजोबांना पाहिलं.

"अहो!"

हात सोडवून त्या पायऱ्या उतरल्या आणि आजोबांच्या छातीवर बुक्के मारू लागल्या. "निघालात? मला न सांगता निघालात? एवढी कसली घाई झाली होती तुम्हाला?"

"अगं, नाही गं," आजोबा म्हणाले. "तुझ्याकडेच आलोय मी." आता मात्र ते रडत होते. मावशीचाही पदर डोळ्यांना लागला. ड्रायव्हर उगाच काच पुसत बसला.

प्रार्थनेत मावशीला आभार कुणाचे मानावेत ते कळेना. देवाचे मानले, ड्रायव्हरचे मानले. मग मागच्या बाकावर आंबट तोंड करून बसलेल्या चिकटरावाकडे वळून पाहिलं आणि त्याच्या चिकटपणाचेही मानले. अगदी मनापासून.

बाहेर पडताना चिकटरावाने ड्रायव्हरला गाठलं. "परतीचं वेगळं नाही ना?"

"साहेब, आमच्याकडे परतीची पद्धतच नाही," ड्रायव्हर म्हणाला. "आजवर एकालाही परत आणलेलं नाही. पण आज आणतो. मलाही बरं वाटेल."

आत गाणं सुरू होतं आणि आजोबा आजींचा हात हातात घेऊन बसले होते. त्यांना उठवायला मावशी गेली, तेव्हा आजी आजोबांच्या तोंडाकडे निरखून बघत होत्या. तो आधीचा ओळखीचा भाव पुन्हा मावळला होता.

"तुम्ही कोण हो?" त्यांनी हळूच विचारलं.

"मी? तुझा नवरा."

आजींनी थोडा विचार केला.

"बरं झालं बाई," आजी म्हणाल्या. "मी मघापासून घाबरलेय, परक्या माणसाचा हात धरलाय आणि सोडवत तर नाहीये."