दीपगृहामागचा चंद्र

मागच्या पौर्णिमेला बी-श्याने काढलेल्या फोटोत दीपगृह झिंगल्यासारखं दिसत होतं. फंगहूच्या बेटांवरचा वारा तिला काही नवा नव्हता, पण आज चुकून चालणार नव्हतं. तिचा थोरला भाऊ खुन-पिन त्या दीपगृहाचा रखवालदार, आणि पुढच्या आठवड्यात तो निवृत्त होणार होता. उगवत्या चंद्राच्या मधोमध उभा असलेला दादा तिला खाडीच्या अलीकडून टिपायचा होता.

किनाऱ्यावरच्या लाकडी सज्ज्यावर तिने तिपाई उभी केली. तिचे पाय आखूड केले, कॅमेऱ्याचा फडफडणारा पट्टा काढला. वजन म्हणून टांगलेली पिशवीच झोके घ्यायला लागली, तेव्हा तीही उतरवली. तरी पडद्यावर मोठं करून पाहिलं, तर दीपगृह थरथरतच होतं.

"मी धरतो घट्ट," तिचा नवरा आ-लियांग म्हणाला.

"हात लावू नकोस. तुझी नाडीसुद्धा उमटेल फोटोत."

तो फुरंगटून मागे सरला, तसं पडद्यावरचं दीपगृह टुणकन उडालं. बी-श्याने डोळे बारीक केले.

"परत चाल बघू."

"आता मी काय केलं?"

"चाल म्हणते ना."

तो चालला. दीपगृह नाचलं.

"वारा नाही रे, या फळ्या हलताहेत. उचल पिशवी, खाली खडकावर जाऊ."

"अगं, चंद्र आला वर."

खरंच, समुद्रावर केशरी कड दिसत होती. दोघं धडपडत, दीपगृहाची रेषा न सोडता खाली उतरले. बी-श्याने तिपाईचे पाय खडकाच्या खाचांत रुतवले. आ-लियांग वाऱ्याच्या बाजूला रुंद पाठ करून बसला.

तिने भावाला फोन लावला. "दादा, वरच्या कठड्यापाशी उभा राहा. सांगेपर्यंत हलू नकोस."

बोटाचा धक्काही नको, म्हणून तिने दोन सेकंदांचा टायमर लावला. बटण दाबून हात मागे घेतला आणि श्वास रोखला.

खट्.

पडद्यावर मोठ्या चंद्रात कठड्याचा गज न् गज सुटा दिसत होता. मधे दादा, आणि त्याच्या टोपीची टोकदार कड. नटणार नाही म्हणाला होता, पण गणवेश चढवून आला होता.

"काय गं, हलू का आता?" फोनवरून आवाज आला. "नाकाला खाज सुटलीय."

"थांब दादा," बी-श्या हसत डोळे पुसत म्हणाली, "अजून एक काढते."